धुंदी, वेग आणि कायदा

रस्त्यावर होणाऱ्या मृत्यूची आपल्या समाजात अजून गुन्ह्यात गणना होत नाही. एखाद्या गावात खून पडला तर ते गाव हादरते, चावडीवर चर्चा होते, पोलिसांना जाब विचारला जातो. पण सकाळी डबा घेऊन कामावर निघालेला तरुण संध्याकाळी शवागारात सापडला, आणि त्याला उडविणारी मोटार कोणी मद्यधुंद इसम बेफाम हाकीत होता असे कळले, तरी चार दिवस हळहळ होते आणि पाचव्या दिवशी ‘त्याची वेळच आली होती’ या एका वाक्याने सारे प्रकरण दैवाच्या खाती जमा होते. दैवाला कोर्टात खेचता येत नाही, ही या हिशेबातली मोठी सोय. जे माणसाने केले ते देवावर ढकलण्याची ही वृत्ती आपल्या श्रद्धेची नसून आपल्या आळसाची खूण आहे, हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

आकडे बोलके आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. एखाद्या मध्यम आकाराच्या शहराची वस्ती एका वर्षात पुसली जावी, असा हा संहार आहे. त्या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता, असे तोच अहवाल सांगतो. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यातही २०२२ नंतरच्या वर्षांत दरवर्षी अडीचशेहून अधिक माणसे रस्त्यावर प्राणांस मुकली आहेत. सरकारी नोंदीत दारूचा वाटा त्यामानाने फारच लहान दिसतो. परंतु तेवढ्यावरून समाधान मानण्याचे कारण नाही. ज्याची श्वासचाचणी वेळेवर झाली नाही, ज्याचे रक्त तपासले गेले नाही, त्याची दारू नोंदीत येणार कोठून? कागदावर ‘अतिवेग’ असे एकच कारण लिहिले जाते आणि त्या वेगामागची धुंदी शाईत उतरत नाही.

दोन घटना गोमंतकीय वाचकांच्या स्मरणातून गेलेल्या नसतील. ६ ऑगस्ट २०२३ च्या रात्री बाणस्तारी पुलावर एका भरधाव आलिशान मोटारीने तिघांचे प्राण घेतले. २५ मे २०२४ च्या रात्री वेर्णा औद्योगिक वसाहतीत एक खाजगी बस रस्त्याकडेच्या झोपड्यांत घुसली आणि बिहारमधून पोटासाठी आलेले चार मजूर झोपेतच चिरडले गेले. दोन्ही प्रकरणी चालक मद्याच्या अमलाखाली असल्याचा आरोप ठेवण्यात आला. आरोपाची शहानिशा न्यायासनासमोर व्हायची असते, वृत्तपत्राच्या स्तंभात नव्हे. म्हणून त्या खटल्यांविषयी येथे अधिक लिहिणे उचित नाही. पण वेर्ण्याची वार्ता वाचताना मुंबईच्या कार्टर रोडची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या त्या रस्त्यावर पदपथाशी झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली, सात जण ठार आणि आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्य आढळले. पहिल्या न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. निद्रिस्त मजूर, बेफाम चाक आणि वर्षानुवर्षे चाललेला खटला, हे चित्र शहर बदलले तरी बदलत नाही. ज्यांच्याकडे मोटार नाही तेच मोटारीखाली सापडतात, ही या प्रश्नातील सामाजिक विषमता नजरेआड करून चालणार नाही.

तेव्हा प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९३९ चा जुना अधिनियम जाऊन १९८८ चा मोटार वाहन अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यातील कलम १८५ असे सांगते की, वाहन चालविणाऱ्याच्या दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क चाचणीत आढळला, तर तो गुन्हा होय. अमली पदार्थाच्या प्रभावामुळे वाहनावर ताबा ठेवण्यास असमर्थ असणे, हाही त्याच कलमाखालचा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ पूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा दोन हजारांपर्यंत होता.

ही ३० मिलिग्रॅमची मर्यादा कडक आहे. श्वासचाचणीचा कायदा १९६७ साली करणाऱ्या ब्रिटनने ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि इंग्लंडात ती तशीच राहिली. युरोपातील अनेक देशांत ती ५० आहे. आपल्याकडे ती त्याहून खाली आहे आणि ते योग्यच आहे. आमचे रस्ते अरुंद, वळणे आंधळी, रस्त्यावर गुरे, सायकली, पादचारी आणि शाळेची मुले एकाच वेळी. अशा रस्त्यावर अर्धवट शुद्धीला जागा नाही. किती पेले घेतले म्हणजे ही मर्यादा ओलांडली जाते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याला एकच उत्तर देता येत नाही. वजन, पोटातले अन्न, पिण्याचा वेग, स्त्री-पुरुष भेद यांवर ते अवलंबून असते. मात्र एक गोष्ट निश्चित आहे. रक्तातला मद्यार्क यकृत आपल्या संथ गतीनेच काढून टाकते, ताशी साधारण १० ते २० मिलिग्रॅम. कडक कॉफी, लिंबाचे सरबत, थंड पाण्याची आंघोळ, सुपारी वा लवंग यांपैकी कशानेही त्या गतीत फरक पडत नाही. लवंगेने वास झाकला जातो, धुंदी झाकली जात नाही. रात्री उशिरापर्यंत मनसोक्त प्यायलेला माणूस सकाळी ताजातवाना वाटला तरी त्याच्या रक्तात मद्य शिल्लक असू शकते, हेही लक्षात ठेवावे.

आता वेगाकडे वळू. दारूला निदान समाज नाक मुरडतो, वेगाला तर पौरुषाचे भूषण समजले जाते. ‘पणजीहून मडगावला इतक्या मिनिटांत पोहोचलो’ ही फुशारकी आपण किती कौतुकाने ऐकतो! ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर मूल आले हे डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत शुद्धीतल्या माणसाचाही एखादा सेकंद जातो; म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच मोटार एखाद्या घराची लांबी ओलांडून गेलेली असते. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते आणि ब्रेक लावल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतरही चौपट होते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. निसर्गाचा हा नियम कोणाचा हुद्दा पाहत नाही.

वेगमर्यादा मोडणाऱ्याला कलम १८३ अन्वये हलक्या वाहनासाठी एक ते दोन हजार आणि प्रवासी वा मालवाहू अशा मध्यम व अवजड वाहनासाठी दोन ते चार हजार रुपये दंड आहे. कलम १८४ धोकादायक रीतीने वाहन चालविण्यासंबंधी आहे. लाल दिवा ओलांडणे, उलट दिशेने वाहन नेणे, चालविताना हातात फोन धरणे ही कृत्ये त्यात आता स्पष्टपणे अंतर्भूत आहेत आणि पहिल्या गुन्ह्यासही सहा महिने ते एक वर्ष कारावासाची तरतूद आहे. हयगयीने मृत्यू घडविल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होते. त्याच कलमात, मृत्यू घडवून पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे पोटकलम होते. परंतु जानेवारी २०२४ मध्ये मालवाहू चालकांचे देशव्यापी आंदोलन झाले आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू होताना ते पोटकलम बाजूस ठेवण्यात आले.

या कायद्यातील एका उपेक्षित तरतुदीकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. वेगमर्यादा मोडणे जसे चालकाला शिक्षापात्र आहे, तसे ती आपल्या नोकराकडून मोडविणे मालकालाही शिक्षापात्र आहे. एवढेच नव्हे, तर एखादा प्रवास अमुक वेळात पुरा करावा असे वेळापत्रक किंवा आज्ञा असेल, आणि वेगमर्यादा न मोडता तो पुरा करणे शक्य नाही असे न्यायालयास वाटले, तर ते वेळापत्रकच मालकाविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा ठरते. आमच्या खाजगी बसेस एका थांब्यावर प्रवाशांसाठी रेंगाळतात आणि नंतर मागच्या बसला हुलकावणी देण्यासाठी जीव तोडून धावतात, हे दृश्य म्हापसा, फोंडा, मडगाव, कोठेही पाहावे. चालकाला शिव्या घालून आपण मोकळे होतो. पण त्याच्या पोटाची भाकरी दिवसाच्या गल्ल्यावर टांगून ठेवणारा कोण, याची विचारपूस होत नाही. दहा मिनिटांत घरपोच सामान देण्याची अहमहमिका ज्या शहरांत लागली, तेथे दुचाकीवरून जीव धोक्यात घालणाऱ्या पोरांचाही हाच प्रश्न आहे. कायद्याचा हा हात मालकापर्यंत किती वेळा पोहोचला, याचा शोध सरकारने अवश्य घ्यावा.

इथपर्यंत कायद्याचा एक हात झाला. दुसराही एक हात आहे आणि त्याविषयी आपल्याकडे विलक्षण अज्ञान आहे. तो म्हणजे चालकाचे हक्क. ‘दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला कसले आले आहेत हक्क?’ असे संतापाने विचारले जाईल. संताप समजण्यासारखा आहे, तथापि प्रश्न चुकीचा आहे. ज्याला रस्त्यावर थांबविले तो प्यायलेला आहे की नाही, हेच तर अजून ठरायचे असते. आणि या भूमीने तरी असा प्रश्न विचारू नये. त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ साली लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात डांबण्यात आले. मुक्तीसाठी झगडलेल्या किती तरी जणांना आग्वादच्या कोठडीत आपल्या अटकेचे कारणही धड कळले नाही. पकडणाऱ्यावर कायद्याचे बंधन नसेल तर राज्य कसे भासते, याचा धडा गोमंतकाने पुस्तकात वाचलेला नाही, तो अंगावर घेतलेला आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी केवळ झेंडा बदलला नाही. कोतवालाच्या मर्जीच्या जागी कायद्याची मर्यादा आली. ती मर्यादा मोठ्या राजकीय खटल्यांत पाळायची आणि पर्वरीच्या रस्त्यावर रात्री अकरा वाजता सोडून द्यायची, असे चालत नाही.

मग ही मर्यादा कोणती? कलम २०३ प्रमाणे श्वासचाचणीची मागणी गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन खात्याचा अधिकृत अधिकारीच करू शकतो. चालकाने मद्यपानाचा गुन्हा केला असा संशय घेण्यास वाजवी कारण असावे लागते. अपघातानंतर माणूस रुग्णालयात दाखल असेल, तर त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळविल्याविना चाचणी घेता येत नाही. उपचारात बाधा येईल असे त्यांनी सांगितले तर थांबावे लागते. रस्त्यावरच्या चाचणीनंतर अटक झाली, तर पोलीस ठाण्यावर पुन्हा श्वासचाचणी देण्याची संधी त्या माणसाला दिलीच पाहिजे. नुकताच घोट घेतलेल्याच्या तोंडातील ताज्या मद्यामुळे यंत्राचा आकडा फुगू शकतो, म्हणून या दुसऱ्या संधीला शास्त्रीय अर्थही आहे. कलम २०४ खाली रक्ताचा नमुना घेणे हे नोंदणीकृत डॉक्टरांचे काम आहे. नमुना स्त्रीचा असेल आणि डॉक्टर पुरुष असतील, तर दुसऱ्या एखाद्या स्त्रीच्या उपस्थितीतच तो घ्यावा लागतो.

सर्वांत महत्त्वाची अट कलम २०२ मध्ये आहे. मद्यपानाच्या गुन्ह्याखाली वॉरंटविना अटक झालेल्या व्यक्तीची नोंदणीकृत डॉक्टरांकडून दोन तासांच्या आत तपासणी झाली नाही, तर तिला कोठडीतून मुक्त करावे लागते. ही अट आरोपीवर दया म्हणून घातलेली नाही. रक्तातील मद्य घटिकेघटिकेला उतरत असते. उशीर झाला तर पुरावाच विरून जातो. दोषी माणूस सुटू नये आणि निर्दोष माणूस अडकू नये, या दोन्ही हेतूंची गाठ त्या दोन तासांत बांधलेली आहे. शिवाय कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन हा येथे उपकार नव्हे, हक्क आहे. अटकेचे कारण सांगणे, नातेवाइकांना कळविणे, वकिलाला भेटू देणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे ही पोलिसांची कर्तव्येच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात अटकेची जी नियमावली घालून दिली, तिचे सार याहून वेगळे नाही.

पुराव्याचे महत्त्व किती असते याचे उदाहरण जुनेच आहे. मुंबईतील एका अपघाताच्या खटल्यात सत्तरच्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तोंडाला दारूचा वास, पावले अस्थिर, बोलणे असंबद्ध आणि बाहुल्या विस्फारलेल्या एवढ्यावरून माणूस मद्याच्या अमलाखाली होता असा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. रक्त वा लघवीची तपासणी हवी होती. याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणजे पुण्यातील कल्याणीनगरचा मे २०२४ मधील अपघात. दोन तरुण अभियंत्यांचा त्यात बळी गेला, आणि पुढे आरोपी अल्पवयीन मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. रक्ताची ती छोटी कुपी म्हणजे न्यायाचा तराजू आहे. ती वेळेवर न भरणे हा जेवढा अन्याय, तेवढाच ती बदलणे हाही.

वेगाच्या बाबतीतही कायद्याने चालकाला निराधार सोडलेले नाही. केवळ एका साक्षीदाराच्या ‘माझ्या मते गाडी फार वेगात होती’ एवढ्या मतावर कोणालाही दोषी ठरविता येत नाही. ते मत यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेल्या मोजणीवर आधारलेले असावे लागते. कलम २०९ प्रमाणे वेगाच्या किंवा धोकादायक चालविण्याच्या गुन्ह्यात दोषी ठरविण्यासाठी त्याच वेळी खटल्याची समज दिलेली असावी, अथवा चौदा दिवसांत नोटीस पाठविलेली असावी, अथवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेले असावे. नाव-पत्ता मिळणे अशक्य होते यांसारखे अपवाद सोडून. कॅमेऱ्यांनी टिपलेल्या गुन्ह्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमानुसार यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे, ते दरवर्षी नव्याने घ्यावे, कॅमेरा असल्याची सूचना रस्त्यावर ठळक असावी आणि नोटीस पंधरा दिवसांत निघावी. एखाद्या रस्त्यावर विशेष वेगमर्यादा घातली असेल, तर तिची चिन्हे योग्य ठिकाणी उभारणे हे कलम ११२ नुसार सरकारचे कर्तव्य आहे. झाडाच्या फांदीआड दडलेली पाटी आणि वळणाआड दडलेला शिपाई यांची जोडी दंडाचा गल्ला भरील, पण अपघात कमी करणार नाही.

परवान्याविषयीही असेच आहे. अतिवेग, धोकादायक चालविणे किंवा मद्यपान यांचा गुन्हा घडल्याचे मानण्यास कारण असेल, तर अधिकारी परवाना ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवितो. पण त्याने तात्पुरती पोच दिलीच पाहिजे. ही पोच म्हणजे गाडी चालविण्याची परवानगी नव्हे, हेही ध्यानात असावे. परवाना अधिकाऱ्याने धारकाचे म्हणणे ऐकून घ्यावे, कारणे लेखी नोंदवावीत आणि मगच पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांची अपात्रता किंवा पुढच्या गुन्ह्यास परवाना रद्द करण्याचा आदेश द्यावा. कागदपत्रे भ्रमणध्वनीवर अधिकृत स्वरूपात दाखविण्याची मुभा २०१८ पासून आहे. आणि सर्वांत लक्षात ठेवण्याजोगे म्हणजे मद्यपानाच्या गुन्ह्याची रस्त्यावर तडजोड होऊ शकत नाही. तो न्यायालयातच जातो. तेव्हा या प्रकरणी रस्त्यावर ‘मिटवून टाकू’ असे जो म्हणतो तो लाच मागत असतो, आणि जो मिटवून घेतो तो ती देत असतो. दोघेही त्या रात्री पुढच्या वळणावरच्या पादचाऱ्याचा जीव विकून जातात.

परंतु हक्क आणि पळवाट यांत भेद आहे, तो कळला पाहिजे. श्वासचाचणी नाकारणे हा हक्क नाही. नकार दिल्यास वाजवी संशयावरून अटक होऊ शकते आणि वाजवी कारणाविना दिलेला नकार कलम २०५ खाली त्याच्याविरुद्धच जाऊ शकतो. राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण दिले आहे हे खरे. पण १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी काठी कालू ओघड खटल्यात स्पष्ट केले की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. शरीर जे सांगते ते जबरदस्तीने वदवून घेतलेली कबुली नसते. विम्याच्या बाबतीतही वाचकांनी भ्रमात राहू नये. मद्यपान करून चालविलेल्या स्वतःच्या वाहनाची नुकसानभरपाई विमा कंपनी नाकारू शकते, आणि श्वासचाचणी झालेली नसली तरी इतर पुराव्यावरून ती मद्यपान सिद्ध करू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला आहे. फौजदारी खटल्यातून सुटलेला माणूस हिशेबाच्या वहीतून सुटतोच असे नाही.

अपघात घडलाच, तर पळणे हा सर्वांत हीन मार्ग होय. कलम १३४ प्रमाणे जखमीस जवळच्या डॉक्टरांकडे वा रुग्णालयात नेण्यासाठी शक्य ते सर्व करणे चालकावर बंधनकारक आहे. जमावाच्या क्षोभामुळे तेथे थांबणे अशक्य झाले तर कायदा ते समजून घेतो, पण पोलिसांना शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, कळविलेच पाहिजे. जखमीवर उपचार सुरू करण्यासाठी डॉक्टरांनी कागदी सोपस्कारांची वाट पाहावयाची नसते. आणि मदतीला धावणाऱ्या वाटसरूला साक्षीच्या नि चौकशीच्या फेऱ्यांत अडकविता येणार नाही, असे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ द्वारे दिले आहे. ‘हात लावला तर आपल्याच गळ्यात येईल’ ही सबब यापुढे कोणी सांगू नये.

हे सारे लिहीत असता एक अवघड गोष्ट बोलल्याविना हा विषय पुरा होणार नाही. गोव्याची दारूशी असलेली ओळख पर्यटकांनी आणलेली नाही. काजूचा हंगाम, हुर्राक आणि फेणी, गावातले तावेर्न ही येथल्या लोकजीवनाची अंगे आहेत, आणि त्यांत लाज वाटावी असे काही नाही. लाज वाटावी ती पुढच्या गोष्टीची. जत्रेहून, लग्नाच्या मांडवातून, सां जुआंवच्या वा शिगम्याच्या जल्लोषातून झिंगत बाहेर पडणाऱ्याच्या हाती आपणच किल्ली देतो आणि ‘सांभाळून जा रे’ म्हणून पाठ फिरवितो. भाड्याची मोटार घेऊन किनाऱ्यावर धिंगाणा घालणाऱ्या पर्यटकावर आपण तोंडसुख घेतो, ते अकारण नाही. तथापि वाड्यावरचा आपला पोर त्याच रस्त्यावर त्याच अवस्थेत त्याच वेगाने जातो, तेव्हा आपली जीभ का अडखळते? सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांपासून ५०० मीटरपर्यंतची मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा गोव्यातील शेकडो दुकानांवर गदा आली आणि मोठा गहजब झाला. पुढे वीस हजारांहून कमी वस्तीच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटरवर आले, नगरपालिका क्षेत्रे त्यातून वगळली गेली आणि २०१८ मध्ये पंचायत क्षेत्रांचा निर्णय राज्यांवर सोपविला गेला. त्या वादात मद्यविक्रेत्याच्या पोटाची चर्चा पुष्कळ झाली. महामार्गावर मरणाऱ्याच्या घरच्या चुलीची चर्चा तितकी झाली असे म्हणवत नाही.

सरकारचीही यात जबाबदारी आहे आणि ती केवळ दंड वाढवून संपत नाही. प्रत्येक तालुक्यात प्रमाणित श्वासचाचणी यंत्रे आणि रात्री दोन तासांच्या आत उपलब्ध होणारा डॉक्टर नसेल, तर कलम १८५ ची कठोरता कागदावरच राहील. अंधार पडल्यावर गावाकडची बस मिळत नाही आणि टॅक्सीचे भाडे परवडत नाही, अशी स्थिती असता ‘पिऊन गाडी चालवू नका’ हा उपदेश अर्धाच आहे. न चालविता घरी कसे जायचे, हेही राज्याने सांगावयास हवे. कदंबच्या रात्रीच्या फेऱ्या वाढविणे हा वाहतुकीइतकाच सार्वजनिक सुरक्षिततेचा विषय आहे. चालकाच्या हक्कांची माहिती मराठीत आणि कोकणीत प्रत्येक पोलीस ठाण्यावर लावावी, अशीही आमची सूचना आहे. आलिशान मोटारीतल्या श्रीमंताला हे हक्क सांगण्यास रात्री दोन वाजताही वकील धावत येतो. पायलटचा धंदा करून कुटुंब पोसणाऱ्या माणसाला आणि मालवाहू गाडीवरच्या परप्रांतीय क्लीनरला ते कोणी सांगत नाही. ज्याला वकील परवडतो त्यालाच जे हक्क लाभतात, ते हक्क नव्हेत, त्या सवलती होत.

कडक कायदा आणि आरोपीचे हक्क यांना एकमेकांचे वैरी समजण्याची चूक पोलीसही करतात आणि नागरिकही. वस्तुतः ज्या पोलिसाने दोन तासांत तपासणी केली, पोच दिली, नमुना नीट सीलबंद केला, त्याच पोलिसाचा खटला न्यायालयात टिकतो. आणि ज्याने दमदाटीवर भागविले त्याचा आरोपी सुटतो, मग तो कितीही दोषी असो. बाणस्तारीच्या पुलावरून आणि वेर्ण्याच्या झोपड्यांतून जे गेले, ते परत येणार नाहीत. त्यांच्या कुटुंबीयांना न्यायाखेरीज आपण काही देऊ शकत नाही, आणि तो न्याय नियमाच्या काटेकोर पालनातूनच येऊ शकतो. नागरिकाने आपला हक्क जाणावा, तो नम्रपणे पण ठामपणे मागावा. आणि त्याहीआधी, पेला हाती घेतला असेल तर किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. स्वातंत्र्य म्हणजे वाटेल तसे वागण्याची मोकळीक नव्हे, हे ज्या पिढीने स्वातंत्र्य मिळविले तिला ठाऊक होते. रस्ता सर्वांचा आहे. त्यावर पायी चालणाऱ्याचा जीव हा मोटारीतल्या माणसाच्या वेळेहून मोलाचा आहे, एवढे जरी आपण मनाशी धरले, तरी पुष्कळ घरांतले दिवे विझावयाचे राहतील.